वर्तमानपत्रासाठी व्यंगचित्रपट्टी: नेम धरण्यापासून छापून येईपर्यंत

सामाजिक विषयावरची व्यंगचित्रपट्टी फसते तेव्हा दोष सहसा रेषेचा नसतो. नेमकं कोणावर बोट ठेवायचं हे काढणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं. मग चित्र कितीही देखणं असलं तरी वाचणाऱ्याला नुसतं गाऱ्हाणं ऐकल्यासारखं वाटतं. म्हणून या लेखात पेन्सिल उचलण्याआधीच्या कामाला जास्त जागा दिली आहे. माप, शाई, स्कॅन हे काही महिन्यांत हातात बसतं. नेम धरायला त्याहून बराच वेळ लागतो.

पट्टी म्हणजे तीन किंवा चार चौकटींची, आडवी, ठरलेल्या पात्रांची, रोज किंवा आठवड्याला येणारी चित्रं. पॉकेट कार्टून वेगळं. आर. के. लक्ष्मण यांचं १९५१ मध्ये सुरू झालेलं ‘यू सेड इट’ एकाच चौकटीत सगळं सांगायचं. पट्टीत मात्र काळ पुढे सरकतो: आधी काहीतरी घडतं, मग थोडं थांबणं, मग उलगडा. तुमच्या कल्पनेला हा काळ लागत नसेल, तर चार चौकटी भरू नका, एकच चौकट काढा.

विषय वहीत कसा उतरवायचा

नवख्या माणसाला पहिला मोह ताज्या बातमीचा होतो. पुण्यातल्या चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर पाडला. त्या आठवड्यात त्यावर काढलेली पट्टी आज कोणाला समजावूनही सांगता येणार नाही. पण खोदलेल्या रस्त्यावर ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असा फलक लावायचा आणि तो गंजेपर्यंत तिथेच ठेवायचा, ही सवय कायम आहे. त्या सवयीवरची पट्टी पाच वर्षांनीही वाचता येते. बातमी दिसली की तिच्यामागची सवय शोधा आणि वहीत ती सवय लिहा.

वही खिशात मावेल अशी घ्या आणि एका नोंदीला एकच ओळ द्या: कोण, कोणाला, काय म्हणालं किंवा काय केलं. ‘वाहतुकीची समस्या’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘पदपथावरून स्कूटर नेणारा माणूस चालणाऱ्या आजींना हॉर्न देतो’ ही नोंद उपयोगी आहे, कारण तिच्यात चित्र आधीच आहे. नोंदी मिळतात त्या पीएमपीएमएलच्या, म्हणजे पुण्याच्या शहर बसच्या थांब्यावर, सोसायटीच्या सूचनाफलकावर, शाळाप्रवेशाच्या रांगेत, बँकेत केवायसीसाठी तिसऱ्यांदा आलेल्या ज्येष्ठांच्या बाकावर. माणसाचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा. घरी जाऊन आठवून लिहिलेलं वाक्य नीटनेटकं होतं, आणि त्यातली बोलीच जाते.

पुण्यात काढताना काही विषय निदान पहिलं वर्षभर बाजूला ठेवावेत: दुपारी १ ते ४ बंद असलेलं दुकान, खवचट पाटी, पाहुण्याला चहा विचारण्याची पद्धत. या गोष्टींची शेवटची चौकट वाचकाला आधीच पाठ असते. उलट एकच जिवंत विषय धरून बसणं फार फळतं. व्यंगचित्रकार मंगेश तेंडुलकर यांनी पुण्याच्या वाहतुकीवर वर्षानुवर्षं चित्रं काढली, दिवाळीत चौकात उभं राहून वाहतुकीवरची व्यंगचित्रं असलेली शुभेच्छापत्रं वाटली. एका विषयाच्या दहा पट्ट्या झाल्या की सोपे विनोद संपतात आणि अकराव्या पट्टीपासून खरं निरीक्षण सुरू होतं.

नेमवाक्य

वहीतली नोंद निवडली की कागदावर एक वाक्य पूर्ण करा: ‘ही पट्टी अमुक माणसाच्या अमुक वागण्यावर आहे.’ वागणं बदलणं ज्याच्या हातात आहे, असाच माणूस पहिल्या जागी यायला हवा. ज्याला ते सोसावं लागतं तो तिथे आला, तर पट्टी दुबळ्यावर हसते. वाचकाला कारण सांगता आलं नाही तरी ते खुपतं.

उदाहरण घ्या. बऱ्याच सोसायट्यांत घरकाम करणाऱ्या बायकांना मुख्य लिफ्ट वापरू देत नाहीत. नोंद अशी: ‘कामाला येणाऱ्या मावशी दुसऱ्या लिफ्टसाठी थांबून राहतात.’ यावर पहिली सुचणारी पट्टी अशी असते की मावशी उशिरा येतात, काहीतरी मजेशीर सबब सांगतात, मालकीण कपाळाला हात लावते. इथे हसू मावशींच्या बोलण्यावर येतं. ही टाकून द्या. नेमवाक्य ‘ही पट्टी सोसायटीच्या कमिटीनं केलेल्या नियमावर आहे’ असं केलं की दुसरं चित्र सुचतं. मावशी मालकांच्या कुत्र्याला फिरवून परत येतात. लिफ्टपाशी पाटी आहे: ‘मुख्य लिफ्ट – रहिवासी व पाळीव प्राणी. कामगारांनी मागील लिफ्ट वापरावी.’ शेवटच्या चौकटीत कुत्रा मुख्य लिफ्टमध्ये ऐटीत बसलाय, मावशी मागच्या लिफ्टच्या दारात, आणि पट्ट्याची लांब दोरी दोन्ही दारांमध्ये ताणलेली. मावशींच्या चेहऱ्यावर विनोदी भाव काढायचा नाही. त्या शांतपणे नियम पाळताहेत, आणि त्यामुळेच नियम उघडा पडतो.

जात, धर्म, शरीर, उच्चार, व्यंग यांवर हसू आणायला फार कमी कौशल्य लागतं. अशा चौकटीसाठी वर्तमानपत्रातली जागा वापरू नये.

लिहिणं

आधी लिहायचं, मग काढायचं. संवाद आणि चौकटीत काय दिसतं, हे दोन रकान्यांत लिहा. शब्दांनी अर्धं सांगायचं, उरलेलं चित्रानं. दोघांनी एकच गोष्ट सांगितली तर एक रकाना फुकट गेला.

समजा नेमवाक्य आहे: ‘ही पट्टी पाण्याची सोय नसताना घरं विकणाऱ्या बिल्डरच्या जाहिरातीवर आहे.’ पहिला खर्डा साधारण असा होतो:

१. “आज पण पाणी नाही!”
२. “बिल्डर तर चोवीस तास पाणी म्हणाला होता.”
३. “महापालिका म्हणते, पुढच्या वर्षी.”
४. “आता टँकरशिवाय पर्याय नाही!”

चारही वाक्यं खरी आहेत, पण पट्टी कुठेच वळत नाही. दोन माणसं उभी राहून बोलतात, चित्राला काम नाही, आणि ज्याच्यावर नेम धरलाय तो बिल्डर चौकटीत आलेलाच नाही. त्याला आत आणा:

१. नमुना फ्लॅट. सूटबूट घातलेला विक्रेता, समोर नवरा-बायको. “रिव्हर व्ह्यू! बाल्कनीतून थेट नदी दिसते.”
२. बाल्कनीत तिघं. बायको विचारते, “आणि पाणी?”
३. विक्रेता अभिमानानं खाली हात करतो. “तेही दिसतं की!” खाली गेटपासून रस्त्याच्या वळणापर्यंत टँकरची रांग.

एकूण अकरा शब्द. ‘टँकर’ हा शब्द कुठेच नाही, तो फक्त चित्रात आहे. संवादात आला तर तिसऱ्या चौकटीला सांगायला काही उरत नाही. विक्रेत्याचा चेहरा लबाड काढला तरी पट्टी पडते, कारण मग दोष एका लुच्च्या माणसावर ढकलला जातो. त्याला यात काहीच वावगं वाटत नाही, ही खरी टोचणी आहे.

लिहून झाल्यावर शेवटची चौकट हातानं झाका आणि ओळखीच्या एखाद्याला पुढे काय होईल ते विचारा. बरोबर ओळखलं, तर वळण बदला. मग शेवटची चौकट उघडी ठेवून दुसरी झाका. अर्थ तसाच राहिला, तर दुसरी चौकट काढून टाका. आणि शब्द पूर्ण गाळून पाहा. शि. द. फडणीस यांची शब्दाविना चित्रं समोर ठेवून हा सराव करावा. चित्र किती भार उचलू शकतं याचा अंदाज इतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच मिळतो.

लिहिता येतं पण हात बसलेला नाही, किंवा उलट, अशी स्थिती असेल तर जोडीदार शोधा. १९९१ मध्ये ‘सकाळ’मध्ये सुरू झालेली ‘चिंटू’ ही रोजची पट्टी चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून उभी केली.

पात्रं

तीन ते पाच पात्रं पुरे. प्रत्येकाला एक ठाम हट्ट द्या: एकाला प्रत्येक गोष्टीचा फायदा दिसतो, एकीला नियम पाठ आहेत, एक कधीच बोलत नाही. लक्ष्मण यांचा चौकटीच्या कोटातला सामान्य माणूस गप्पच राहायचा. पाहणारा एक गप्प माणूस असला की बाकीच्यांच्या बोलण्याला वजन येतं. सेनापती बापट रस्त्यावर सिम्बायोसिसच्या आवारात या सामान्य माणसाचा पुतळा आहे. तो पाठीमागूनही ओळखू येतो, आणि तुमच्या पात्रांनाही हीच कसोटी लावायची आहे. लक्ष्मण यांच्या कामाचं कलादालन बालेवाडीत २०२२ मध्ये सुरू झालं. तिथे वही घेऊन जावं.

पात्राची उंची डोक्याच्या अडीच ते तीन पट ठेवा. छापील चौकट जेमतेम पावणेचार सेंटिमीटर रुंद असते. खऱ्या प्रमाणातला माणूस काढला तर चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा होतो आणि भाव दिसत नाहीत. एका कागदावर प्रत्येक पात्र समोरून, तिरकं, बाजूनं, मागून आणि बसलेलं काढा, सोबत सहा भाव. मग सगळी पात्रं काळ्या शाईनं भरून फक्त बाह्याकृती पाहा. दोघं सारखी दिसली तर एकाचे केस, पोट, पिशवी किंवा पेहराव बदला. हा कागद टेबलासमोर चिकटवून ठेवा, नाहीतर दहाव्या पट्टीपर्यंत आजोबांचं नाक बदललेलं असतं.

माप आणि कागद

ज्या वर्तमानपत्राला द्यायचं आहे त्याच्या कॉलमची रुंदी आधी विचारून घ्या. मोठ्या आकाराच्या पानात आठ कॉलम असतात आणि चार कॉलमची पट्टी साधारण १६ सें.मी. रुंद, ५ सें.मी. उंच बसते. मूळ चित्र दुप्पट काढा: ३२ × १० सें.मी. ए-थ्री कागदावर अशा दोन पट्ट्या एकाखाली एक मावतात. चार चौकटींसाठी प्रत्येकी ७.४ सें.मी. आणि मधल्या तीन फटी ८ मि.मी. तीन चौकटींना प्रत्येकी साधारण १०.१ सें.मी.

शक्यतो चौकटी सारख्या रुंदीच्या ठेवा. आडवी पट्टी मोबाइलवर वाचता येत नाही. सारख्या चौकटी दोनावर दोन रचून वेगळी आवृत्ती लगेच करता येते.

कागद गुळगुळीत आणि जाड हवा, २०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा आयव्हरी किंवा ब्रिस्टल. साध्या कार्ट्रिज कागदावर शाई तंतूंतून पसरते आणि रेषेला मिशा फुटतात. बाकीचं साहित्य म्हणजे फिकट निळी पेन्सिल, वॉटरप्रूफ काळी शाई, दोन नंबरचा गोल ब्रश, ०.५ आणि ०.८ मि.मी.ची पेनं, आणि पांढरा पोस्टर कलर. अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात हे सगळं मिळतं. पेन घेताना कागदाच्या कोपऱ्यावर रेघ मारून तिच्यावर ओली बोटं फिरवून शाई पसरते का ते पाहा.

अक्षरं आधी, फुगा नंतर

नवख्यांच्या पट्ट्या परत येण्याचं मोठं कारण म्हणजे न वाचता येणारी अक्षरं. देवनागरीत अक्षराच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षराचा पाय. दोन ओळी जवळ आल्या की वरचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. मूळ चित्रात शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंत ५ मि.मी. आणि एका शिरोरेषेपासून पुढच्या शिरोरेषेपर्यंत १० ते ११ मि.मी. ठेवा. छापल्यावर अक्षर अडीच मि.मी. होईल, ते आजोबांनाही वाचता येतं.

याच मापावरून शब्दांची मर्यादा ठरते. ७.४ सें.मी.च्या चौकटीत दोन्ही बाजूंना ५ मि.मी. सोडले तर एका ओळीत अकरा-बारा अक्षरं, म्हणजे तीनेक शब्द बसतात. तीन ओळी घेतल्या की चौकटीचा वरचा तिसरा हिस्सा संपतो. म्हणून चौकटीत आठ-नऊ शब्द, अख्ख्या पट्टीत पंचविसाच्या आत. जास्त होत असतील तर अक्षर लहान करू नका, वाक्य कापा.

क्रम असा: पेन्सिलीनं ओळी आखा, अक्षरं लिहा, त्यांच्याभोवती संवादाचा फुगा काढा आणि उरलेल्या जागेत माणसं बसवा. आधी माणसं काढली की फुगा डोक्यावर दाबून बसवावा लागतो. जो आधी बोलतो तो डावीकडे आणि त्याचा फुगा वर. फुग्याचं शेपूट तोंडाच्या दिशेनं जावं, आणि दोन शेपटं एकमेकांना छेदू नयेत.

हस्ताक्षर खरंच वाईट असेल तर फॉन्ट वापरा. कलम, बालू, मुक्ता हे मोफत आहेत. मात्र काही कचेऱ्यांत अजून युनिकोडपूर्व, म्हणजे जुन्या पद्धतीचे फॉन्ट चालतात आणि तुमच्या फाइलमधला मजकूर तिकडे उघडताना मोडतो. पाठवण्याआधी अक्षरं आउटलाइनमध्ये, म्हणजे नुसत्या आकारांत बदला आणि बदलण्यायोग्य प्रत स्वतःकडे ठेवा.

शाई आणि स्कॅन

बाहेरच्या रेषा आणि अक्षरं ०.८ नं, आतले तपशील ०.५ नं. निम्म्या आकारात त्या ०.४ आणि ०.२५ मि.मी. होतात. छापून ०.२ मि.मी.च्या खाली जाणारी रेषा वर्तमानपत्री कागदावर तुटते. त्याच कागदावर शाई फुगते, त्यामुळे दाट काळ्यातली पांढरी फट मूळ चित्रात १ मि.मी.पेक्षा कमी असेल तर बुजते. टँकरची रांग काढताना हेच घडतं: पुढचे दोन टँकर नीट काढा, बाकीचे नुसत्या बाह्यरेषेत.

शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर फिरवा. पावसाळ्यात तासभर तरी थांबा.

स्कॅन मूळ आकारात ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके) करा. निम्मं झाल्यावर ते १२०० होतं आणि रेषाचित्राला तेवढं लागतं. ग्रेस्केलमध्ये स्कॅन करून थ्रेशोल्डनं (ठरावीक छटेपेक्षा गडद ते काळं, बाकी पांढरं करणारी सोय) शुद्ध काळं-पांढरं करा आणि टिफ म्हणून जतन करा. जेपेगमध्ये अक्षरांभोवती राखाडी कण येतात आणि छपाईत त्यांची धूळ दिसते. मोबाइलनं काढलेल्या फोटोत कोपरे झुकतात, तो पक्क्या प्रतीसाठी चालत नाही. रंगीत पानासाठी काळी रेषा वेगळ्या लेयरवर, फक्त काळ्या शाईत. चार रंग मिसळून केलेलं काळं छापताना जरा सरकलं की अक्षरं दुहेरी दिसतात. एका जागी पडणाऱ्या चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज २४० च्या आत ठेवा.

शेवटी झेरॉक्सच्या दुकानात पट्टी ५० टक्के आणि ३७ टक्के करून घ्या. जागा कमी पडली की तीन कॉलममध्ये साधारण ३७ टक्क्यांवरच छापतात. तिथेही वाचता आली तर पाठवायला हरकत नाही.

कायद्याचं थोडक्यात

संविधानाच्या अनुच्छेद १९ मधलं अभिव्यक्तिस्वातंत्र्य व्यंगचित्रालाही आहे आणि त्यावरची वाजवी बंधनंही आहेत. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी कलम ३५६ मध्ये, धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणं कलम २९९ मध्ये, तर गटागटांत वैर वाढवणं कलम १९६ मध्ये येतं. खाजगी व्यक्तीचं नाव, गाडीचा नंबर, सोसायटीची ओळखू येणारी कमान चित्रात घेऊ नका. सार्वजनिक पदावरच्या माणसाच्या सार्वजनिक कृतीवर टीका करताना ती कृती घडल्याचा छापील पुरावा फाइलला लावून ठेवा.

पाठवणं आणि नंतर

एक पट्टी घेऊन कोणाकडे जाऊ नका. बारा पूर्ण पट्ट्या, पात्रांचा एक कागद आणि पाच ओळींची ओळख, एवढं पुरवणीच्या संपादकांना पीडीएफमध्ये पाठवा. बारापैकी निदान आठ कोणत्याही महिन्यात चालतील अशा हव्यात. एकदोन चांगल्या कल्पना कोणालाही सुचतात, त्यामुळे संपादकांना पाहायचं असतं ते तुम्ही सातत्यानं देऊ शकता का. दिवाळी अंकांची जुळवाजुळव पावसाळ्यातच सुरू होते, नवरात्रात पाठवलेलं सहसा पुढच्या वर्षावर जातं. पक्की फाइल व्हॉट्सॲपवर द्यायची वेळ आली तर डॉक्युमेंट म्हणून जोडा, फोटो म्हणून पाठवली की ती दाबली जाते.

हक्कांचं बोलणं मानधनाच्या बोलण्यासोबतच करा. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १९ नुसार हक्क देणं लेखीच असावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. छापील अंक, संकेतस्थळ, पुस्तक आणि इतर वापर असे चार स्वतंत्र उल्लेख मागून घ्या. नोकरीत राहून काढणाऱ्यांचे नियम वेगळे आहेत, करारपत्र वाचून सही करा. मूळ कागद परत मिळेल हेही लिहून घ्या.

पट्टी छापून आली की अंक विकत घ्या आणि फूटपट्टी लावा. रुंदी किती आली, कोणत्या रेषा तुटल्या, कोणत्या फटी बुजल्या, कोणता अनुस्वार गायब झाला, हे त्या पट्टीच्या झेरॉक्सवर लाल पेननं लिहा. पुण्याबाहेरची आवृत्ती दुसऱ्या छापखान्यात निघत असेल तर तिचाही अंक मागवून हेच करा. सलग चार अंकांत एकाच जागी खूण पडली, तर पुढच्या पट्टीला तिथलं पेन बदला: ०.५ च्या जागी ०.८, आणि बुजणाऱ्या फटीला आणखी अर्धा मिलिमीटर.